सूनबाईच्या ऑफिसचं दार

रविवारी जेवताना सूनबाईनं दाराचा विषय काढला आणि मिस्त्रींच्या हातातला घास हातातच राहिला.

खरं तर ती काही वावगं बोलली नव्हती. तिच्या कंपनीनं इथलं ऑफिस बंद करायचं ठरवलं होतं. डॉक्टर मंडळी रुग्णाला तपासून झाल्यावर जे बोलून ठेवतात ते ऐकायचं आणि नीट लिहून काढायचं, हे तिचं काम. ते घरी बसूनही होण्यासारखं होतं आणि कंपनीची त्याला ना नव्हती. अट एकच होती. लोकांच्या दुखण्याखुपण्याची माहिती चार कानांवर जाता कामा नये, म्हणून बसायची खोली वेगळी हवी आणि तिला बंद होणारं दार हवं. येत्या शुक्रवारी मुख्य ऑफिसमधल्या बाई व्हिडिओ कॉलवर जागा बघणार होत्या. पसंत पडली तर उत्तम. नाही पडली तर सूनबाईनं मुख्य ऑफिसात जाऊन बसायचं, आणि ते होतं दूरच्या शहरात, रोज जाऊन येण्याची सोय नसलेल्या अंतरावर.

"टेबल देतो," मिस्त्री म्हणाले. "खुर्ची देतो. कपाट देतो, फळ्या मारून देतो, पाय ठेवायला पाटसुद्धा देतो. दार नाही."

"बाबा, पण अट दाराचीच आहे."

"मग अट चुकीची आहे."

एवढं बोलून त्यांनी घास तोंडात घातला. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू आलं असतं, कारण हे घर दारांवरच उभं होतं. खाली कारखाना, वर राहतं घर. मिस्त्री, त्यांचे वडील आणि वडिलांचे वडील, सगळ्यांनी जन्मभर दारंच केली. शहरातल्या निम्म्या लोकांच्या घराची दारं याच कारखान्यातून गेलेली. आणि त्याच कारखान्याच्या डोक्यावर, जिना चढून वर आलं की, एकाही खोलीला दार नाही. चौकटी होत्या, पडदे होते. न्हाणीघराला तेवढं दार होतं, पण त्याला कडी नव्हती. आत असेल त्यानं गात राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं, असा रिवाज होता. सूनबाई लग्न होऊन आली त्या पहिल्या सकाळी तिला लाजेनं गाणं सुचेना, तेव्हा तिनं न्हाणीघरात मोठ्यानं पाढे म्हटले होते. धाकटा दीर अजून तिला त्यावरून चिडवायचा.

दारं काढली मिस्त्रींनीच, घराची सूत्रं हातात आली त्या वर्षी. त्यांचे वडील आणि काका एकाच घरात एका बंद दाराच्या दोन बाजूंना वर्षानुवर्षं अबोला धरून राहिले. वडील गेले तेव्हा काका भावाचं तोंड बघायला आले ते त्या दारातून नव्हे, तर रस्त्यावर उतरून, वळसा घालून, पुढच्या जिन्यानं. परक्या माणसासारखे. ते मिस्त्रींच्या मनाला फार लागलं. तेराव्या वर्षी बघितलेली ती गोष्ट त्यांनी पुढं कधी कुणाजवळ बोलून दाखवली नाही. एक दिवस स्क्रू काढायला बसले आणि आतली सगळी दारं विकून टाकली.

माईंना हे सगळं नणंदेकडून कळलं होतं. त्यामुळं नवऱ्याचा राग येत होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम येत असलं की त्या भांडी जरा जास्तच आपटायच्या. आता त्यांनी वाढायचा डाव पातेल्यात आपटला.

"वहिनी, सोपं आहे," धाकटा म्हणाला. तो कारखान्याची विक्री बघायचा आणि जगात विकता येणार नाही अशी वस्तू नाही, या समजुतीवर जगायचा. "दुकानातलं नमुन्याचं दार आणतो, चौकटीला टेकवून ठेवतो. बाईंनी बघितलं, कॉल संपला, की दार परत दुकानात. बाबांचा शब्दही राहिला, तुझी नोकरीही राहिली."

"आणि सोमवारपासून लोकांचे आजार पडद्याआडून अख्ख्या घराला ऐकवू?" सूनबाई म्हणाली. "खोटं बोलून नाही करायची मला नोकरी, भाऊजी."

"ऐकवलेस तरी आम्ही कुणाला सांगणार आहोत?"

"तू?" माई, सूनबाई आणि आत्याबाई एकदम म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून भावाकडंच राहायच्या आणि घरातल्या प्रत्येक वादात आपलं मत सगळ्यात शेवटी द्यायच्या. "बाळ म्हणतो ते बरोबर आहे," असं त्यांनी या वेळी दिलं. साठी ओलांडलेल्या मिस्त्रींना बाळ म्हणणारं आता हे एकच माणूस उरलं होतं. "या घरात दारानं फार वाटोळं केलंय. नको ते."

माईंनी थोरल्याकडं पाहिलं. बायकोची नोकरी अशी हातची जात असताना हा मुलगा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. कारखान्यात लाकडाशी तासन् तास गप्पा मारल्यासारखा पुटपुटायचा, आणि बापासमोर मात्र त्याची वाचा बसायची.

"तू काही बोलणारेस का?" माईंनी विचारलं.

"टेबल मी करतो," थोरला म्हणाला.

सूनबाईनं त्याच्याकडं असं काही पाहिलं, की माईंना लेकाची काळजीच वाटली.

टेबल मात्र झोकात सुरू झालं. खोली माईंनी दिली. बोळकांडीच्या टोकाला सामानाची खोली होती. तिच्यात माईंचं शिवणयंत्र, जुन्या ट्रंका, लागतील म्हणून ठेवलेल्या आणि कधीच न लागलेल्या शंभर गोष्टी. माईंनी एका दिवसात ती रिकामी केली. दार मिळो न मिळो, खोली तयार असली म्हणजे निम्मी लढाई जिंकली, असा त्यांचा हिशेब होता. ट्रंका आत्याबाईंच्या पलंगाखाली गेल्या, शिवणयंत्र धाकट्याच्या खोलीत. त्यानं कुरकुर केली तेव्हा माई म्हणाल्या, "मग लग्न कर, म्हणजे तुझी खोली मी भरणार नाही."

धाकट्यानं इंटरनेटची वायर आणली, भिंतीला खिळे मारले, चुकीच्या ठिकाणी मारले, परत मारले. आत्याबाई नव्या खुर्चीची परीक्षा घ्यायला म्हणून बसल्या त्या दुपारभर तिच्यातच झोपल्या आणि उठून "खुर्ची बरी आहे" असा निकाल दिला. थोरल्यानं बायकोला त्याच खुर्चीत बसवून कोपर वाकवायला लावलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घेतलं. मग टाचेपासून गुडघ्यापर्यंत घेतलं. मग डोळ्यांपासून भिंतीपर्यंत.

"मला साधं टेबल हवंय रे," सूनबाई म्हणाली. "शवपेटी नाही."

"हलू नकोस."

"एवढं माप तर लग्नाच्या कपड्यांचं पण घेतलं नव्हतं कुणी."

थोरला हसला, पण मान वर केली नाही. खिडकीचा उजेड डाव्या हाताला यावा म्हणून त्यानं टेबलाची जागा आत शिरताच लगेच, चौकटीला लागून असलेल्या भिंतीशी धरली. टेबल खोलीतच जोडलं, डिंक भरला, भिंतीत बोल्ट घालून पक्कं आवळलं. भूकंप झाला तर सगळं घर पडेल आणि हे टेबल उभं राहील, असं धाकटा म्हणाला. सूनबाईनं टेबलावर हात ठेवले. कोपर बरोबर बसलं. तिचे डोळे भरून आले आणि माई पडद्याआडून सरळ स्वयंपाकघरात निघून गेल्या. बघायचं नव्हतं असं नाही. पण त्या दोघांना जरा एकटं सोडावं म्हटलं तर या घरात पडद्यापलीकडं जाणं एवढंच हातात होतं.

मंगळवारी माई नवऱ्याशी बोलायला म्हणून खाली कारखान्यात गेल्या. मनात सगळं नीट जुळवून गेल्या होत्या. अहो, तुमचं दुःख मला कळतं, इथून सुरुवात करायची होती. करवतीचा आवाज कानठळ्या बसवत होता. माईंनी खूण केली, मिस्त्रींनी यंत्र बंद केलं. त्याबरोबर पलीकडचं रंधा मारणंही थांबलं, पॉलिश करणाऱ्याचा बोळाही थांबला, आणि हिशेब बघत बसलेल्या धाकट्यानं मान वर केली. अख्खा कारखाना कान टवकारून उभा राहिला.

"काय गं?" मिस्त्री म्हणाले.

"काही नाही," माई म्हणाल्या. "जेवायला कधी येताय?"

वर जाताना त्या स्वतःवरच चिडल्या होत्या.

बुधवारी संध्याकाळी सूनबाईनं ताटं मांडता मांडता सांगून टाकलं, की उद्या ती ऑफिसला कळवणार आहे. खोलीला दार नाही, तेव्हा मुख्य ऑफिसात येते म्हणून. आवाज चढवला नाही, रडली नाही. मिस्त्रींच्या ताटात पहिलं तिनंच वाढलं. "तुमच्यावर राग नाही, बाबा," ती म्हणाली. "पण ही नोकरी मी धडपडून मिळवलीय. आवडते मला. सोडणार नाही."

आणि मग जो बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं तो बोलला.

"ती गेली तर मी पण जाणार," थोरला म्हणाला. "तिथंही लोकांना दारं लागतातच."

इतके दिवस माई या वाक्याची वाट बघत होत्या आणि आता ते ऐकल्यावर त्यांना वाटलं, कशाला बोलला हा. निम्मं घर रिकामं होणार. न्हाणीघरातनं पाढे ऐकू येणार नाहीत. तिला गाणं सुचत नाही म्हणून ती अजून पाढेच म्हणायची, आणि माईंचा दिवस त्या आवाजानं सुरू व्हायचा.

मिस्त्रींचा चेहरा दगडासारखा झाला. "बघ, अक्का," ते बहिणीला म्हणाले. "दाराचं नुसतं नाव काढलं तर घर फुटायला लागलं. लागलं असतं तर काय झालं असतं?"

आत्याबाई भावाची बाजू घेणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यांनी पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला.

"बाळ, त्या दाराला कडी होती का रे?"

"कुठल्या?"

"बाबांच्या आणि काकांच्या मधल्या."

"होती की. दोन्ही बाजूंनी."

"होती. पण लावलेली नव्हती." आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "मी रोज तिथला केर काढायची. बाबांच्या बाजूची कधी लावलेली बघितली नाही. आणि केरसुणी लागली की दार जरा आत जायचं, म्हणजे काकांच्या बाजूचीही नव्हती. सगळी वर्षं ते दार नुसतं लोटलेलं होतं. कुणीही बोटानं ढकललं असतं तर उघडलं असतं. बाबांनी ढकललं नाही, काकांनी ढकललं नाही. दारानं काय केलं होतं?"

"हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तू विचारलंस कधी? स्क्रू काढत सुटलास. मला वाटलं, पोराला बरं वाटतंय तर काढू दे. रविवारी तुझीच बाजू घेतली मी, तीही याच सवयीनं. पण आता पोरं चाललीत म्हटल्यावर गप्प कशी बसू? दार नको म्हणून धरून बसशील आणि माणसं जातील. मग उघड्या चौकटीतून काय बघशील? रिकामं टेबल?"

मिस्त्री अर्ध्या ताटावरून उठले आणि जिना उतरून खाली गेले. थोड्या वेळानं खालून रंध्याचा आवाज यायला लागला.

"चिडले," धाकटा कुजबुजला.

"चिडू देत," आत्याबाई म्हणाल्या. "मला अजून थोडं वाढ."

गुरुवारी मिस्त्री कुणाशी बोलले नाहीत. कारखान्याच्या मागच्या भागात कुणाला फिरकू दिलं नाही. माईंनी जेवण खाली पाठवलं, ते ताट स्वच्छ होऊन वर आलं. माईंना धीर आला. हा माणूस रागावला की पहिलं अन्न टाकायचा. त्यांनी सूनबाईला म्हटलं, "कळवलंस का गं ऑफिसला?"

"अजून नाही."

"मग उद्यापर्यंत कळवू नकोस."

"का, आई?"

"मी सांगते म्हणून."

शुक्रवारी सकाळी चहा होतो न होतो तोच जिन्यावर दण् दण् आवाज झाला. मिस्त्री आणि दोन कारागीर एक दार घेऊन वर येत होते. असं दार माईंनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. नक्षी नाही, काही नाही. नुसतं सरळ, गुळगुळीत, हात फिरवावा असं. जाडी मात्र बक्कळ. मधे कापसाचा थर आणि पुठ्ठा भरलाय, कडेनं रबराची पट्टी आहे, असं मिस्त्रींनी कुणीही न विचारता सांगितलं. सांगताना ते कुणाकडं बघत नव्हते.

"आत बोललेलं बाहेर येणार नाही," ते म्हणाले. "बाहेरचं आत जाणार नाही. त्या तुझ्या बाईंना सांग."

थोरल्यानं पुढं होऊन दाराचं दुसरं टोक धरलं. बाप आणि लेक न बोलता कामाला लागले. चौकटीत जुन्या बिजागऱ्यांच्या खाचा होत्याच. मिस्त्रींनी त्या साफ केल्या, नव्या बिजागऱ्या त्यातच बसवल्या, स्क्रू आवळले. दार चौकटीत असं बसलं, जणू कधी निघालंच नव्हतं. आत्याबाईंनी हात जोडले. धाकट्यानं शिट्टी मारली.

"उघड," मिस्त्री सुनेला म्हणाले. "पहिल्यांदा तू उघड."

सूनबाईनं ढकललं. दार विताएवढं आत गेलं आणि खट् करून थांबलं.

तिनं परत ढकललं. खट्.

सगळ्यांनी फटीतून डोकावून पाहिलं. दार थोरल्याच्या टेबलाला अडलं होतं. भूकंपात न पडणाऱ्या, खोलीतच जोडलेल्या, भिंतीत बोल्ट घातलेल्या टेबलाला.

मग धाकटा हसायला लागला तो भिंत धरून खाली बसला. याच कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बाप आणि लेक एकाच सुरात सांगायचे, आधी दार बसवा, दार किती फिरतंय ते बघा, मग सामान ठेवा. आणि स्वतःच्या घरात दोघांपैकी एकालाही ते आठवलं नव्हतं. थोरल्यानं टेबल केलं तेव्हा दार येणारच नव्हतं. मिस्त्रींनी दार केलं तेव्हा त्यांनी खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं, वरमल्यासारखं वाटत होतं म्हणून.

"टेबल काप," मिस्त्री म्हणाले.

"टेबल? तिच्या मापाचं आहे ते! दार बाहेर उघडेल असं लावा."

"बाहेर लावायचं तर खाचा नव्यानं पाडायला लागतील."

"पाडू की."

"कॉल किती वाजता आहे?"

"आत्ता!" सूनबाई ओरडली. "आत्ता आहे कॉल!"

पुढची दहा मिनिटं काय झालं ते नंतर प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं. दार उतरवलं. सूनबाई आत घुसली, केस सारखे केले, कॉम्प्युटरसमोर बसली. बिजागऱ्या नव्या बाजूला बसवायला वेळ नव्हता, तेव्हा मिस्त्री आणि थोरला या दोघांनी ते अख्खं दार उचललं, बाहेरून चौकटीत घट्ट बसवलं आणि खांदे लावून तसेच उभे राहिले. ज्या माणसानं आठवडाभर दार नको म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, तो आता स्वतःच्या अंगानं दार लावून धरत होता. माई हसू दाबून तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या.

आणि मग लक्षात आलं, की काहीच ऐकू येत नाहीये.

या घरात असं कधी झालं नव्हतं. कोण कुठं शिंकलं, कोण फोनवर काय म्हणालं, सगळं सगळ्यांना कळायचं. आणि आज, सगळ्यात महत्त्वाचं बोलणं चाललेलं असताना, दाराला कान लावला तरी चिटपाखराचा आवाज नाही.

"काय म्हणतायत?" आत्याबाईंनी विचारलं.

"मला काय माहीत," मिस्त्री धापा टाकत म्हणाले.

"अहो, थोडी फट तरी करा."

"फट केली तर कशाला केलंय दार!"

इतक्यात आतून टकटक झाली. दोघांनी दार जरासं बाजूला केलं. सूनबाईनं डोकं बाहेर काढलं. "बोला! सगळ्यांनी मोठ्यानं बोला. आत ऐकू येतं का ते बाईंना बघायचंय."

"काय बोलू?"

"काहीही!"

दार परत लागलं. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. कुणालाही एक शब्द सुचेना. जेवताना एकमेकांचं बोलणं तोडून बोलणारी ही माणसं, बोला म्हटल्यावर शाळेत उभं केलेल्या पोरांसारखी गप्प.

"धाकट्या, गा," माई म्हणाल्या.

"न्हाणीघराशिवाय सुचत नाही मला."

"टेबल जरा आत सरकवून केलं असतंस," मिस्त्री दाराशी झटत लेकाला म्हणाले, "तर ही वेळ आली नसती."

"बाबा, तुम्ही आधी सांगितलं असतंत तर!"

"सांगायचं काय? गिऱ्हाइकाला सांगतोस ना रोज?"

"तुम्ही पण सांगता! आणि खाचा जुन्या आहेत हे बघायला नको?"

"आता खाचा मला शिकव तू!"

मग काय, बांध फुटला. थोरला, जो बापापुढं कधी ब्र काढत नव्हता, तो दाराला खांदा लावून बापाशी हमरीतुमरीवर आला आणि बाप त्याला तोडीस तोड उत्तर देत होता. आत्याबाई दोघांनाही चुकीचं ठरवत होत्या. धाकटा मधेच आठवून गायला लागला. माईंना वाटलं, शेजारपाजारचे गोळा होणार. पण त्यांना हेही दिसलं, की भांडता भांडता मिस्त्रींचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा उजळला होता.

पुन्हा टकटक झाली. दार बाजूला झालं आणि सूनबाई बाहेर आली. तिनं कॉल आता फोनवर घेतला होता आणि फोनच्या पडद्यावर चष्मा लावलेल्या एक बाई होत्या.

"मी बाईंना खरं ते सांगितलं," ती म्हणाली. "दार आहे, पण बिजागऱ्या बसायच्यात, सध्या माझे सासरे धरून उभे आहेत. त्यांचा विश्वास बसेना."

बाईंनी घामाघूम झालेल्या मिस्त्रींना, दाराआडच्या थोरल्याला आणि तोंड उघडं राहिलेल्या धाकट्याला पाहिलं. "तुम्ही बोलत होतात का आत्ता?" त्यांनी विचारलं.

"बोलत?" आत्याबाई म्हणाल्या. "आमची भांडणं झाली!"

"मला काही ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "बिजागऱ्या बसल्या की फोटो पाठवा. बाकी ठीक आहे सगळं. आणि ते दार कुठं मिळतं?"

"मी नंतर फोन करतो तुम्हाला," धाकटा पुढं सरसावत म्हणाला.

दार त्याच दिवशी बाहेर उघडेल असं बसलं. शनिवारी फोटो गेला, सोमवारपासून काम सुरू व्हायचं ठरलं. मधला रविवार मोकळा होता. दुपारी सगळे जेवून लवंडलेले असताना माई बोळकांडीतून त्या खोलीकडं गेल्या. टेबलावर सूनबाईनं पुसून ठेवलेला कॉम्प्युटर, एक पाण्याची बाटली, बाकी सगळं लख्ख. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि पलंगावर पडलेल्या नवऱ्याला हाक मारली.

"अहो, जरा इकडं या."

"काय झालं? अडतंय का कुठं?" मिस्त्री स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले.

"आत या."

ते आत आले. माईंनी दार ओढून घेतलं. धाकट्याचं घोरणं, आत्याबाईंचा रेडिओ, रस्त्यावरच्या गाड्या, सगळं एकदम थांबलं. मिस्त्री बिजागऱ्या तपासायला लागले.

"त्याला काही झालेलं नाही," माई म्हणाल्या. "बसा."

"मग काय काम आहे?"

"काही नाही. बोलायचंय."

मिस्त्री खुर्चीत बसले. माई टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात ती दोघं अशी, सगळ्यांच्या कानांपासून लांब, कधी बसली नव्हती, हे माईंना आत्ता दार लागल्यावर कळलं. काय काय बोलायचं राहून गेलं होतं ते सगळं एकदम ओठांशी आलं. काकांचं, वडिलांचं, त्या तेराव्या वर्षाचं त्यांना विचारायचं होतं. पण पहिल्यांदा बाहेर पडलं ते भलतंच.

"मला पण एक दार हवं होतं," माई म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून."

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "मग बोलली का नाहीस कधी?"

"कुठं बोलणार होते?" माई म्हणाल्या. "सगळे ऐकत होते."